सात जणींची जन्मतारीख

दिग्विजय माझ्याकडे रिकाम्या हाताने आला, हीच पहिली गोष्ट मला खटकली. जुळे सोलापुरातल्या माझ्या या फ्लॅटवर जुने विद्यार्थी येतात ते एकतर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, नाहीतर निवडणुकीचं पत्रक घेऊन. याच्याजवळ दोन्ही नव्हतं. पाया पडला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाई, मला शिक्षकांना पैसे द्यायचेत."

"का? तुला उभं राहायचंय?"

"कशाला?"

"निवडणुकीला."

"छे हो."

"मग मुलाला?"

"त्याला सकाळी अंथरुणातनं उभं करता येईना बाई, निवडणुकीला कुठं करू."

दिग्विजय मूळचा मोडनिंबचा. आत्याकडे राहून सोलापुरात शिकला, चौथीला माझ्या वर्गात होता. आता चिंचोळी एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याचं म्हणणं असं होतं की एक प्रतिष्ठान काढायचं. ज्या शिक्षकाला वर्गासाठी काही करायचंय, पण ते सरकारी कागदाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याला अनुदान द्यायचं. वर्षाला दहा जणांना. आणि ते दहा जण मी निवडायचे.

सदतीस वर्षांच्या नोकरीत मी देणगीदार पुष्कळ पाहिले. एका गृहस्थांनी शाळेला दोन पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर आपल्या आजोबांचं नाव रंगवून दिलं. पंखा फिरला की नाव वाचता यायचं नाही, म्हणून ते शाळेत आले की आम्हाला पंखे बंद ठेवावे लागत. मुलं घामाघूम आणि आजोबा स्थिर. दुसऱ्या एकाने पाण्याची टाकी दिली आणि पुढच्या वर्षी शाळेच्या मागची जागा गोदामाला मागितली. तेव्हापासून देणारा हात दिसला की मी दुसरा हात कुठे आहे ते बघते.

म्हणून मी अटी घातल्या. कुणाचंही नाव प्रतिष्ठानाला द्यायचं नाही, त्याच्या आईचंसुद्धा नाही. मोठा चेक हातात धरून फोटो काढायचा नाही. आलेला प्रत्येक अर्ज, तो मंजूर किंवा नामंजूर करण्याचं कारण आणि त्याबरोबरचे कागद ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावायचे, कुणीही येऊन वाचावेत. आणि अर्जात खोटी माहिती आढळली तर अर्ज बाद, पुन्हा विचार नाही.

त्याने सगळ्याला मान हलवली. तेही मला आवडलं नाही. इतकं ऐकणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

"तू भांडत का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही संशय घेता म्हणूनच तुमच्याकडं आलो की. मधल्या सुट्टीनंतर तुम्ही आमचे खिसे उलटे करायला लावायचात."

"बोरं निघायची."

"माझ्या खिशातनं खडू निघाले होते."

"तीन. त्यातला एक रंगीत."

तो हसला. मी हसले नाही, कारण तो रंगीत खडू मी पदरच्या पैशांनी आणलेला होता.

होटगी रोडवर एका दुकानाच्या वरची खोली घेतली. तिथलं काम बघायला दिग्विजयची भाची आली, सृष्टी. पुण्यात शिकलेली, सव्वीस वर्षांची, बोलण्यात नेमकी. मला मॅडम म्हणायची. मी दोन वेळा "बाई म्हण" म्हणून सांगितलं, ती दोन्ही वेळा "हो मॅडम" म्हणाली.

जून सरला तरी एकही अर्ज आला नाही. शाळांमध्ये पत्रकं पोचली होती, व्हॉट्सॲपवर फिरली होती, पण कुणाचा विश्वास बसेना. शेवटी माळशिरसकडच्या एका गुरुजींचा मला फोन आला.

"बाई, खरं सांगा. पैसे घेतल्यावर काय करावं लागतं?"

"शिकवावं लागतं."

"ते झालंच हो. त्याशिवाय?"

"त्याशिवाय काही नाही."

 ते म्हणाले, "बरं, विचार करून सांगतो," आणि पुन्हा फोन केला नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

जुलैअखेर मात्र अकरा अर्ज आले. त्या दिवशी मी ऑफिसात गेले तर सृष्टी दार लावून बसली होती.

"मॅडम, फ्रॉड आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "अकरातल्या चार जणांची जन्मतारीख एकच आहे. एक जून. तालुके वेगळे, वर्षं वेगळी, पण तारीख तीच. हे कुणीतरी एकाच ठिकाणी बसून भरलेत."

मला इतकं हसू आलं की पाणी मागावं लागलं.

"अगं, तुझ्या मामाची जन्मतारीख काय?"

"मामाचा वाढदिवस आम्ही दिवाळीनंतर करतो."

"त्याच्या दाखल्यावरची विचारून बघ."

मग तिला सगळं सांगावं लागलं. पूर्वी खेड्यात मूल कधी जन्मलं हे कुणी लिहून ठेवत नसे. आई सांगायची, भुईमूग काढायच्या वेळी झाला, नाहीतर म्हशीला पहिलं रेडकू झालं त्या वर्षी. शाळेच्या रजिस्टरात भुईमूग लिहिता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि तोवर मुलाचं वय भरलेलं असावं लागायचं. म्हणून आम्ही मास्तर-मास्तरीण मुलाच्या दातांकडे आणि उंचीकडे बघायचो, वर्ष ठरवायचो आणि तारीख टाकायचो, एक जून. निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलाय. त्यातली कितीतरी मुलं मी जन्माला घातलीत.

सृष्टी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तीही हसायला लागली. "म्हणजे हे चौघं खरे. आणि ही पाचवी पण असेल. अर्जदार नाही, पण एका अर्जात मदतनीस म्हणून जोडलीय. एक जून एकोणीसशे सहासष्ट."

तो अर्ज मायाक्का पुजारी या शिक्षिकेचा होता. शाळा अक्कलकोटच्या पलीकडची, कर्नाटकच्या सीमेला लागून. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शाळा मराठी, पण मुलांच्या घरी कन्नड. पहिलीत आलेलं पोर बाईंचं एक अक्षर न समजता वर्षभर भिंतीला टेकून बसतं, असं तिने लिहिलं होतं. म्हणून तिने गावातली एक बाई वर्गात आणून बसवली होती, दोन्ही भाषा बोलणारी. ती मुलांना बाईंचं आणि बाईंना मुलांचं म्हणणं सांगते. जूनपासून ती फुकट बसते आहे, पण दसऱ्यानंतर शेतातली कामं निघाली की तिला मजुरीला जावं लागेल. तिला महिन्याला थोडं मानधन मिळावं, एवढीच मागणी होती. बाकी दहा जणांनी टीव्ही आणि टॅब मागितले होते, म्हणून मी हा अर्ज मनात आधीच निवडला होता.

मदतनिसाच्या माहितीत लिहिलं होतं: नाव गुरम्मा. वय एकोणसाठ. शिक्षण: निरक्षर. सोबत आधार कार्डाची प्रत.

माझं हसू तिथे थांबलं.

"काय झालं मॅडम?"

"निरक्षर बाईला एक जून कुठून मिळाला?"

तिला कळलं नाही. मी सांगितलं. जी बाई शाळेत गेली नाही, तिच्याजवळ तारखेचा कागदच नसतो. आधार काढताना ती अंदाजे वय सांगते आणि मशीन एक जानेवारी टाकतं. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या फुलाबाईची तीच आहे, तिच्या सासूचीही तीच. एक जून ही मास्तरांची तारीख आहे. ती ज्याच्या कार्डावर आहे, तो कधीतरी एखाद्या शाळेच्या रजिस्टरात होता.

"म्हणजे या शिकलेल्या आहेत?"

"आणि अर्जात नाही म्हणून लिहिलंय. का लिहिलंय, ते बघायला हवं. कदाचित हिची कुणीतरी नात्यातली असेल, घरातच पैसे जायचे असतील. गरीब, अडाणी बाई म्हटलं की वाचणारा विरघळतो."

"फोन करून विचारू?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "साहेब येणार म्हणून निरोप आधी गेला की शाळा कशी सजते, हे मी तुला सांगायला नको म्हणून सांगत नाही."

पुढच्या मंगळवारी मी एकटीच निघाले. एसटीने अक्कलकोट, तिथून वडाप. जीपमध्ये आम्ही तेरा जण होतो आणि माझ्या गुडघ्यावर कुणाचीतरी कोंबडी होती. पन्नासेक वर्षांनी मी त्या बाजूला जात होते. माझी पहिली नेमणूक त्याच पट्ट्यातली, पण बोरी नदीच्या अलीकडे, दुसऱ्या एका गावात. एकवीस वर्षांची होते. कन्नड येत नव्हतं. पहिले सहा महिने मी मुलांशी हातवारे करून बोलत होते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते. त्या आठवणीने मन थोडं मऊ झालं होतं, ते मी पुन्हा कडक करून घेतलं. तपासायला निघालेल्या माणसाने आठवणी काढू नयेत.

शाळा दोन खोल्यांची. मी पहिलीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहिले. आत वीसेक मुलं होती. मायाक्का फळ्याजवळ उभी, तिशी-पस्तिशीची, साडीचा पदर कमरेला खोचलेला. दाराजवळ भिंतीला पाठ लावून एक बाई पाय लांब करून बसली होती. वाळलेली, उन्हाने रापलेली, कपाळाला भस्माचा पट्टा.

मायाक्काने चित्र दाखवलं. "ही चिमणी."

मुलं गप्प. बसलेली बाई म्हणाली, "गुब्बी."

"गुब्बी!" सगळी ओरडली.

"अक्कोरू काय म्हनल्या?" बाईने विचारलं. तिकडे शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. मुलं पुन्हा गप्प. "अक्कोरू म्हनल्या चिमणी. तुजी आई म्हनती गुब्बी. येकच पाखरू की. म्हन चिमणी."

"चिमणी," पुढची एक मुलगी म्हणाली, आणि मग सगळी म्हणाली.

चांगलं चाललं होतं. पण चांगलं चाललेलं दाखवायला काय लागतं, हे मला ठाऊक होतं. मी दारातून आत गेले, नाव सांगितलं. मायाक्काच्या हातातलं चित्र खाली पडलं. मी तिच्याकडे न बघता त्या बाईसमोर गेले आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

"वर काय लिहिलंय, वाचा बरं."

तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला येत न्हाय."

"चौथी शिकलेल्या बाईला वार वाचता येत नाही?"

चौथी हा माझा अंदाज होता. त्या भागात तेव्हा शाळा चौथीपर्यंतच असायच्या. अंदाज बरोबर निघाला, कारण मायाक्का एकदम पुढे आली.

"बाई, त्यांना खरंच येत नाही. दाखला चौथीचा आहे, मला माहीत होतं. म्हणूनच मी दाखला जोडला नाही, नुसतं आधार जोडलं."

"म्हणजे लपवलंत."

"काय करू मग? शिकलेली लिहिलं असतं तर ते खोटं. निरक्षर लिहून दाखला जोडला असता तर तुम्ही म्हणाला असता, हे खोटं."

"तुमच्या कोण लागतात या?"

"कोणी नाही. समोरच्या घरात राहतात."

मुलं आमच्याकडे टक लावून बघत होती. मी गुरम्माजवळच्या बाकावर बसले. "दाखला आहे आणि वाचता येत नाही. मग शाळेत चार वर्षं काय केलंत?"

"शाळा म्या बगितलीच न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "माजा बा गुंडा, मेंढरं राखायचा. दुष्काळात मेंढरं मेली. मग आमी सगळी खडी फोडायला. मी ल्हान हुते, पर हातोडी दिली की हातात. तितं येक दिस शाळंची बाई आली. पांडरं लुगडं, निळे काठ. आमा पोरींची नावं इचारली. आमाला वाटलं सुकडी वाटाया आली. आमी लायनीत हुब्या राहिलो."

सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर मुलांना मिळायचा तो गोड भुगा. बहात्तर-त्र्याहत्तर साली सोलापूर जिल्ह्यातली निम्मी लेकरं त्यावर जगली.

"मग?"

"नावं लिवली अन गेली. सुकडी न्हाय मिळाली."

मी तिला माहेर विचारलं. विचारायची गरज नव्हती. खडीचा ढीग मला दिसत होता, त्यामागे वाळलेली बाभळ दिसत होती, आणि हातात रजिस्टर घेतलेली एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी दिसत होती, जिच्या पातळाला निळे काठ होते. गुरम्माने जे गाव सांगितलं, ते नदीच्या अलीकडचंच निघालं.

त्या वर्षी माझी शाळा ओस पडली होती. मुलं आईबापांबरोबर कामांवर गेलेली. पट ठरलेल्या आकड्याखाली गेला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जायची, आणि दुसरी शिक्षिका मी होते. मुख्याध्यापकांनी सुचवलं, पण गेले मी स्वतःच्या पायांनी. सात मुलींची नावं लिहून आणली. सातही जणींना एकच तारीख दिली आणि एकच वर्ष दिलं. पुढची चार वर्षं रोज सकाळी त्या सात नावांपुढे हजर लिहीत गेले. पहिलीतून दुसरीत नेलं, दुसरीतून तिसरीत. चौथी पास केलं. बदली झाली तेव्हा वाटलं, कागदच आहे, असू दे पोरींजवळ. सातही दाखले तयार केले. दोघींचे बाप येऊन घेऊन गेले. त्यातला एक खांद्यावर घोंगडी टाकून आला होता आणि दाराबाहेरच उभा राहिला होता.

"ती बाई मी," मी म्हणाले.

गुरम्माने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, ती शिव्या देईल. ती थोडी मागे सरकली आणि विचारलं, "मग आता कागूद न्यायला आलाय व्हय?"

"नाही. नाही न्यायचा."

"मागं साक्षरतेचा वर्ग निगाला हुता गावात. मी पाटी घिऊन गेले. मास्तर म्हनला, तुजं नाव यादीत न्हाय, तू तर चौथी पास. समद्या बाया हसल्या. मी बी हसले. घरी आले. पर आधार त्याच्यावरच निगालं. तुमी काय बी लिवा अक्कोरू, तारीख तेवडी ऱ्हाऊ द्या. मला दुसरी न्हाय."

मायाक्काने मला चहा दिला. मी तो कसा प्यायले मला आठवत नाही. निघताना तिने फक्त एवढंच विचारलं, "बाई, अर्जाचं काय समजू?" मी चपला घालून वडापाकडे निघाले.

परतीच्या वाटेवर मी वाटा शोधत होते. आमच्या नियमाने अर्ज बाद होत होता, कारण कागद एक सांगत होता आणि अर्ज दुसरंच. अर्ज बाद झाला की दसऱ्यानंतर गुरम्मा दुसऱ्याच्या शेतात आणि ती वीस पोरं पुन्हा भिंतीला टेकून. अर्ज वाचवायचा तर कागद खोटा आहे, हे सांगायला हवं होतं. ते ज्यांना सांगता आलं असतं त्यांतले मुख्याध्यापक वारून तीस वर्षं झाली होती. उरले मी. आणि माझाच नियम, की सगळे कागद फळ्यावर लागतील. माझ्या दिवाणखान्यात आदर्श शिक्षिका म्हणून मिळालेली ढाल आहे. आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

शुक्रवारी आम्ही तिघं बसलो. मी झालेलं सगळं सांगितलं, मधलं काहीही न गाळता. सांगताना मी सृष्टीकडे बघत होते, दिग्विजयकडे बघवत नव्हतं.

दिग्विजयने कपाळ चोळलं. "बाई, तेव्हा सगळेच करायचे की पट वाढवायला."

"सगळे इथे बसलेले नाहीत."

"मग एक करू. 'निरक्षर' खोडून 'अल्पशिक्षित' लिहायला सांगू मायाक्का बाईंना. कागद जुळला, अर्ज पास, विषय संपला."

"म्हणजे एकदा मी खोटं लिहिलं, आता तिच्याकडून लिहून घेऊ?"

"तुमचं नाव बघून अकरा जणांनी अर्ज केलेत. ते फळ्यावर लागलं तर पुढच्या वर्षी कोण येईल?"

"माझं नाव बघून आलेत ना? मग नीट बघू देत."

मी घरूनच लिहून आणलं होतं. अर्धं पान होतं. मी अमुक शाळेत अमुक वर्षी शिक्षिका असताना गुरम्मा गुंडा या मुलीचं नाव पटावर घातलं, ती एकही दिवस शाळेत आलेली नसताना तिची हजेरी लावली आणि तिला चौथी उत्तीर्ण केलं. तिला लिहितावाचता येत नाही, त्याला तिचा काही दोष नाही. अर्जातली माहिती खरी आहे. खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

दिग्विजयने दोन वेळा वाचलं. मग मान वर करून म्हणाला, "बाई, माझ्या दाखल्यावर काय काय खरं आहे?"

"वर्तणूक 'उत्तम' लिहिलंय, तेवढं सोडून सगळं."

तो हसला, पण कागद खाली ठेवताना त्याने तो जरा लांब ठेवला, आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखते. मी देणगीदारांकडे तसंच बघते.

 सृष्टी म्हणाली, "हा कागद लावू आपण. पण यावर अर्ज मंजूर करता येणार नाही."

"का?" दिग्विजयने विचारलं.

"ज्यांनी आधी खोटं प्रमाणपत्र दिलं, त्यांच्याच दुसऱ्या प्रमाणपत्रावर आपण मंजुरी देतोय. तेही त्याच बाईंबद्दल." तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. "सॉरी मॅडम. मी स्वतः जाऊन बघेन. आणि या अर्जावर तुमची सही नको."

मला त्या पोरीचा भयंकर राग आला. माझ्या वयाचा तरी मान ठेवायचा. मी पर्स उचलली आणि खाली उतरले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, आणि सॉरी म्हटलं नसतं.

ती कधी जाणार ते तिने मला सांगितलं नाही. दिग्विजयने सांगितलं, सोमवारी सकाळी, सहज बोलता बोलता. "सृष्टी आज सहाच्या गाडीने अक्कलकोटला गेली." फोन ठेवला तेव्हा साडेआठ वाजले होते. शाळा भरायला अजून वेळ होता.

मायाक्काचा नंबर माझ्याजवळ होता. एवढंच सांगायचं, गुरम्माला आज घरी राहू देऊ नका, सोमवारचा बाजार असला तरी वर्गात बसवा. यात खोटं काहीच नव्हतं. ती रोज बसतेच. पण एखाद्या दिवशी बाई आजारी असते, एखाद्या दिवशी कुणाच्या लग्नाला जाते, आणि नेमका तोच दिवस तपासणीचा निघतो. असले दिवस मी किती निभावून नेलेत. मी नंबर काढला. तिकडे घंटी वाजू लागली. दुसऱ्या घंटीला मी फोन कापला आणि तो स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवून आले. पाच मिनिटांनी तो तिथे वाजायला लागला. मायाक्काच असणार. मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला. दिवसभर मी त्या खोलीत पाणी प्यायलासुद्धा गेले नाही.

संध्याकाळी सृष्टी सरळ माझ्या घरी आली. पायांवर धूळ, केस विस्कटलेले. दोन पेले पाणी प्यायली.

"होत्या?" मी विचारलं.

"होत्या. मी वर्गात शिरले तर त्यांनीच मला अडवलं. तू कोण, कुणी पाठवलं, तुजं कार्ड दाखव. मी दाखवलं. त्यांनी हातात घेतलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीकडे दिलं. म्हणाल्या, वाच गं, काय लिवलंय."

"पहिलीतल्या?"

"पहिलीतल्या. तिने माझं नाव वाचलं. 'सृ'ला अडली, फार वेळ अडली. बाकीचं वाचलं. मग त्या म्हणाल्या, बरं, बस."

"आणि त्यांना स्वतःला वाचता येत नाही, याची खात्री केलीस?"

"केली. नंतर तेच कार्ड म्हणून मी त्यांना दुसरंच दिलं, माझ्या मैत्रिणीचं लायब्ररीचं. त्यावर तिचं नाव आहे. त्यांना कळलं नाही, मुलीला कळलं. मुलगी म्हणाली, ही बाई खोटी आहे."

तिने पर्समधून अर्ज काढला, माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मंजुरीच्या रकान्यात सही केली. दुसरी सही दिग्विजयची आधीच होती. तिसऱ्या सहीची जागा माझी. ती कोरीच ठेवून तिने कागदाची घडी घातली.

दिग्विजयला या सगळ्यातून काय हवंय ते मला अजून कळलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे. सृष्टी माझ्यावर ठेवून आहे. फळ्यावर माझं अर्धं पान लागून आता दोन महिने झाले. काल माळशिरसचे ते गुरुजी येऊन उभ्या उभ्या पूर्ण वाचून गेले, असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. अर्जाचा फॉर्म त्यांनी नेला की नाही, हे त्याला सांगता आलं नाही. गुरम्मा मात्र वर्गात बसते आहे. दसरा होऊन गेला.